खान्देशातल्या रिसर्च गाईड सर-मॅडमना खुलं पत्र: सव्वाशे वर्षांचा पाऊस फुकट मिळतो, तो आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचू द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कॉलेजांमधले भूगोल, पर्यावरण, कृषी आणि संख्याशास्त्र विभागांचे प्रमुख व रिसर्च गाईड

सर, मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. आपल्याकडे दरवर्षी पाऊस, तापमान, केळी, कापूस, भूजल, दुष्काळ असल्या विषयांवर एमएस्सीचे प्रोजेक्ट होतात, पीएचडीचे सिनॉप्सिस जातात, आणि यातल्या बऱ्याच पोरापोरींचा सुरुवातीचा सगळा काळ नुसता डेटा मिळवण्यात जातो. या ऑफिसला अर्ज, त्या ऑफिसला अर्ज, साहेब मीटिंगला गेलेत, क्लार्कची बदली झालीय, रजिस्टर सापडत नाहीये, आणि शेवटी काय तर कुठल्यातरी जुन्या प्रबंधातली तालुकावार वार्षिक पावसाची टेबलं जशीच्या तशी उतरवून घ्यायची, एक्सेलमध्ये बार ग्राफ काढायचा आणि खाली लिहायचं की पाऊस अनियमित होत चाललाय. मी अमळनेरची, खान्देशातल्या पावसावरच काम करते, आणि डेटासाठी विचारायला येणारे विद्यार्थी मला भेटतात, हुशार असतात, मेहनती असतात, पण पुण्याच्या हवामान विभागाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस साइटवर फुकट ठेवलाय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे पत्र.

रोजचा म्हणजे खरंच रोजचा. अख्ख्या भारतावर पाव अंशाच्या चौकोनांची जाळी टाकलीय आणि १ जानेवारी १९०१ पासून प्रत्येक दिवशी प्रत्येक चौकोनात किती मिलिमीटर पाऊस पडला त्याचा आकडा आहे. देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी घेऊन, जवळच्या केंद्राला जास्त वजन आणि लांबच्याला कमी असा हिशोब करून हे आकडे काढलेत. तापमानाचंही आहे, कमाल आणि किमान, १९५१ पासून, एक अंशाच्या चौकोनात. पैसे नाहीत, शिफारसपत्र नाही, साइटवर जायचं, वर्ष निवडायचं, फाईल उतरवायची.

आता याने नेमकं काय होतं ते सांगते, कारण "डेटा आहे तर आहे, आमचं वार्षिक सरासरीवर भागतं" असंही ऐकलंय. आपल्याकडे कुठल्याही गावात म्हाताऱ्या माणसाशी बोला, तो "पानी कमी से" (पाऊस कमी आहे) एवढंच म्हणून थांबत नाही, तो सांगतो की पूर्वी श्रावणात झड लागायची, आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही, आता एका रात्रीत बदाबदा पडतो आणि मग पंधरा दिवस ऊन. हे विधान खरं आहे की आठवणीत झड मोठी झालीय? वार्षिक बेरजेतून हे कधीच कळणार नाही, ६५० मिलिमीटर तीस दिवसांत पडला काय आणि बारा दिवसांत पडला काय, टेबलात आकडा एकच. रोजचा डेटा हातात असला की हवामान खात्याच्या नियमाने २.५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पावसाचा दिवस धरायचा, सलग असे किती दिवस आले, दोन पावसांत किती दिवसांचा खंड पडला, हे प्रत्येक वर्षासाठी मोजता येतं, आणि बोरी-पांझरा-गिरणा नद्यांच्या पट्ट्यातल्या कापसाला हाच खंड मारतो, वार्षिक सरासरी नाही. असला प्रश्न हा आपल्या मातीतला आहे, याच्यावर उत्तम पीएचडी होऊ शकते आणि त्यासाठी लागणारा अर्धा डेटा आज रात्रीत डाउनलोड होतो.

अर्धा म्हणाले, कारण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि खरं तर गाईड म्हणून तुमची गरज तिथेच जास्त लागते. ग्रिडमधला, म्हणजे या जाळीतला, आकडा ही कुठल्या केंद्रावरची नोंद नाही, तो आजूबाजूच्या नोंदींवरून काढलेला हिशोब आहे. आपल्या अक्षांशावर पावसाचा एक चौकोन उत्तर-दक्षिण साधारण २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २६, म्हणजे सातशेवर चौरस किलोमीटर. एवढ्या भागात एका महसूल मंडळात (काही गावांचा गट) १०० मिलिमीटर कोसळला आणि शेजारच्या मंडळात नुसती भुरभुर झाली तर ग्रिडमध्ये मधलाच काहीतरी आकडा दिसणार. महसूल खातं मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतं, तोच आकडा घेऊन कुणी ग्रिडवर अतिवृष्टीचे दिवस मोजले तर ते कमी येणार, आणि उलट पावसाचे दिवस जास्त येणार, कारण कुठेतरी कोपऱ्यात पडलेला पाऊस पसरून अख्खा चौकोन ओला होतो. म्हणजे मगाशी झडीचं जे म्हटलं त्यातही हे धरावंच लागेल, केंद्रासाठी ठरवलेला २.५ किंवा ६५ चा उंबरठा ग्रिडला तसाच्या तसा लावून चालणार नाही.

तापमानाचं तर आणखी जपून. एक अंशाचा चौकोन आपल्याकडे साडेअकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो आणि जळगाव जिल्हा आहे ११,७६५ चौरस किलोमीटर, म्हणजे एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक अख्खा जिल्हा! नकाशावर ही जाळी टाकून बघा एकदा. नंदुरबार, शहादा, शिरपूर आणि हजार मीटरच्या वरचं तोरणमाळ हे सगळं एकाच चौकोनात येतं, त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटे तोरणमाळला आणि तापीकाठी शिरपूरला फाईलप्रमाणे थंडी सारखीच. जळगाव शहर २१ अंश अक्षांशावर आहे आणि बरोबर तिथेच दोन चौकोनांची हद्द येते. अमळनेर एका चौकोनात आणि शेजारचा पारोळा दुसऱ्यात, यावल एकात आणि रावेर दुसऱ्यात. मग कुणी "यावल आणि रावेर तालुक्यांच्या तापमानातील फरक" असा चॅप्टर लिहिला तर तो फरक त्या दोन तालुक्यांचा नसून दोन जिल्ह्याएवढ्या चौकोनांचा आहे, आणि "भुसावळ व यावलच्या तापमानात कमालीचं साम्य" लिहिलं तर साम्य असणारच, दोघांना एकच आकडा दिलाय. हे व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणी विचारत नाही. विचारायला पाहिजे.

हे केळीपट्ट्यात जास्त बोचतं. फळपीक विम्यात ठराविक दिवस तापमान ठराविक आकड्याच्या वर किंवा खाली गेलं की भरपाई लागू होते, आणि तिथे मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा धरतात. आता एखादा विद्यार्थी शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणून एक अंशाच्या ग्रिडवरून दाखवायला गेला की आमच्या मंडळात इतके दिवस पारा वर होता, तर त्याचं म्हणणं पहिल्याच प्रश्नाला पडेल आणि सोबत त्या शेतकऱ्याचंही. तिथे राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रंच बघायला हवीत. पण ती २०१७ पासूनची, आणि हवामानातला बदल बोलायचा तर निदान तीस वर्षं लागतात, जागतिक हवामान संघटनेची सरासरीसुद्धा १९९१ ते २०२० अशी तीस वर्षांचीच आहे. म्हणून लांबच्या काळासाठी ग्रिड, जवळच्या जागेसाठी केंद्र, आणि जिथे दोघांचा काळ एकत्र येतो तिथे एकमेकांशी ताडून बघायचं. हे ताडून बघणं हाच खान्देशात करण्यासारखा खरा रिसर्च आहे असं मला मनापासून वाटतं, कारण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे नवापूरकडून साक्री-शिंदखेड्याकडे येता येता पाऊस जवळपास निम्म्यावर येतो, वर सातपुडा आडवा, आणि असल्या चढ-उताराच्या भागातच ग्रिडची परीक्षा होते.

बाहेरचे डेटासेटही आहेत आणि विद्यार्थी यूट्यूब बघून ते घेतात, त्याबद्दल थोडं. युरोपचा ईआरए-५ तासातासाचा आहे, १९४० पासून, पाव अंशाचा, पण तो पर्जन्यमापकांवरून काढलेला नाही, हवामानाच्या मॉडेलमध्ये सगळ्या जगाची निरीक्षणं घालून मागचं हवामान पुन्हा उभं केलंय, त्यातला पाऊस हा मॉडेलचा पाऊस आहे. वारा, आर्द्रता, जमिनीतला ओलावा यासाठी सोन्यासारखा, पण आपल्या पावसासाठी आधी ताडून घ्यावा. त्याचा भाऊ ईआरए-५ लँड ९ किलोमीटरचा दिसतो म्हणून पोरं तो पावसासाठी घेतात, पण त्यात पाऊस वेगळा मोजलेला नाहीच, ईआरए-५ चाच मोठ्या चौकोनाचा पाऊस बारीक जाळीवर बसवलाय, तापमानाला निदान उंचीची दुरुस्ती केलेली असते. चर्प्स हा ०.०५ अंशाचा, उपग्रहाला दिसणारे ढग आणि जमिनीवरची केंद्रं मिळून केलेला, पण १९८१ पासूनच. इंग्लंडचा सीआरयू १९०१ पासून आहे पण महिन्याचा आणि अर्ध्या अंशाचा. आणि वर्ल्डक्लिम, हा आपल्याकडे फार वापरला जातो कारण एक किलोमीटरचा नकाशा छान रंगीत येतो, त्या नेहमीच्या नकाशात १९७० ते २००० ची सरासरी आहे, वर्षवार आकडे नाहीत, त्यावरून कुणी पाऊस घटला की वाढला हे सांगूच शकत नाही. नकाशा बारीक असला म्हणून माहिती बारीक होत नाही, त्यामागे तिथे किती पर्जन्यमापक होते ते बघायचं.

आणि हीच गोष्ट काळाबाबत. ६,९५५ केंद्रं हा सगळ्या वर्षांचा मिळून आकडा आहे, ती सगळी एकाच वेळी चालू नव्हती, काही मध्येच सुरू झाली, काही बंद पडली. एखाद्या चौकोनात १९६० नंतर नवीन केंद्र आलं तर त्यानंतर तिथला मोठा पाऊस पकडला जायला लागतो आणि मान-केंडॉल चाचणी (वाढ-घट खरी की योगायोग हे तपासणारी) लगेच सांगते की अतिवृष्टी वाढली, पी व्हॅल्यूही छान येते, म्हणजे योगायोगाची शक्यता कमी दिसते. सॉफ्टवेअरला काय माहीत की वाढला तो पाऊस की मोजणारं भांडं. गाईडने हा प्रश्न विचारायची सवय लावली तर निम्मे चुकीचे निष्कर्ष छापायच्या आधीच थांबतील.

आता फाईल उघडण्याचं, कारण खरी अडचण इथे येते आणि पोरं इथूनच परत फिरतात. खात्याची मूळ फाईल डॉट जीआरडी असते, बायनरी, डबल क्लिक केलं की काही उघडत नाही, मग समजतात फाईल करप्ट आहे. पावसाच्या फाईलमध्ये रोजचे १३५ गुणिले १२९ आकडे, चार-चार बाइटचे, दक्षिण-पश्चिम कोपऱ्यातून म्हणजे साडेसहा अंश उत्तर आणि साडेसहासष्ट अंश पूर्व इथून सुरू. एका वर्षाची फाईल साधारण २५ एमबी. याच्यावर पायथनमध्ये आयएमडीलिब नावाची फुकट लायब्ररी आहे, ती फाईल उतरवते पण, उघडते पण आणि पाहिजे त्या ठिकाणचा सीएसव्ही काढून देते, पाच-सात ओळींचं काम. नेटसीडीएफ या दुसऱ्या प्रकारातली फाईल घेतली तर क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही उघडते. आणि एका चौकोनाचा १९०१ पासून आजपर्यंतचा रोजचा पाऊस म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या आसपास ओळी, एक्सेल दहा लाखांवर ओळी घेतं, त्यामुळे एकदा सीएसव्ही झाली की ज्याला कोडिंगचा क पण येत नाही तोही काम करू शकतो.

पुढचे खड्डे सांगून ठेवते कारण हे मी जमा झालेल्या कामांमध्ये पाहिलेत. पावसात जिथे डेटा नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं, ते तसंच सरासरीत गेलं तर पाऊस ऋण येतो, ते निदान डोळ्याला खटकतं. तापमानात मात्र तिथे ९९.९ असतं, ते खटकत नाही, सरासरी नुसती वर सरकते आणि तापमानवाढ म्हणून छापली जाते, विशेषतः पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा मोठा बॉक्स घेतला आणि समुद्रावरचे चौकोन त्यात आले तर. दुसरं, आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणजे १२ जुलैच्या नावावर जो आकडा आहे तो ११ च्या सकाळी साडेआठपासून १२ च्या साडेआठपर्यंतचा. ११ च्या रात्री पांझरेला पूर आला तर ग्रिडमध्ये तो १२ तारखेला शोधायचा. ईआरए-५ लावताना तर वेळ ग्रीनिचची, आपले सकाळचे साडेआठ म्हणजे तिथले पहाटेचे तीन, पाऊस मीटरमध्ये आणि तापमान केल्विनमध्ये. एवढं जुळवल्याशिवाय दोन डेटासेटची तुलना केली की एका दिवसाने सगळं सरकतं, आणि मग विद्यार्थी लिहितो की डेटासेट खराब आहे.

सर, मॅडम, माझं मागणं मोठं नाहीये. अख्खा देश कुणाला पाहिजे? खान्देश म्हणजे साडेत्र्याहत्तर ते साडेशहात्तर रेखांश आणि सव्वावीस ते बावीस अक्षांश एवढा तुकडा घेतला तर पावसाचे शंभराच्या आसपास चौकोन होतात, आणि त्यांचा १९०१ पासूनचा रोजचा सगळा पाऊस वीसेक एमबीत बसतो. हा तुकडा एकदा नीट कापून, चौकोनाला नंबर देऊन, कुठल्या चौकोनात कोणती गावं येतात त्याची यादी करून, प्रत्येक कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर ठेवा. नंदुरबारला अक्कलकुवा-धडगाव भागातून येणाऱ्या मुलामुलींना घरी रेंज नसते, त्यांना तीन जीबी डाउनलोड करा सांगणं बरोबर नाही, पण पेनड्राइव्हवर वीस एमबी कुणीही नेऊ शकतं. रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोर्समध्ये प्रश्नावली कशी बनवायची यावर जेवढा वेळ जातो त्यातला थोडा वेळ ही फाईल उघडायला द्या. आणि सिनॉप्सिस मंजूर करताना "दुय्यम स्रोत: हवामान विभाग" एवढ्या चार शब्दांवर सही करू नका, कोणता डेटासेट, किती अंशाचा, कोणत्या तारखेला उतरवला, कोणते चौकोन, नसलेल्या आकड्यांचं काय केलं, आणि जवळच्या कुठल्या केंद्राशी ताडून बघितलं, हे लिहून घ्या. तारीख यासाठी की अशा डेटासेटच्या नवीन आवृत्त्या येत राहतात आणि पुढे दुसऱ्याने तेच काम केलं तर आकडे का जुळत नाहीत ते कळायला हवं.

आणखी एक, हे मला सगळ्यात जास्त लागतं. आपल्या तालुक्यांमध्ये पावसाची जुनी रजिस्टरं आहेत, कुठे तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, कुठे धरणावरच्या चौकीत, कुठे साखर कारखान्यात, कुठे एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या घरी ज्याने स्वतःचं पर्जन्यमापक लावून वर्षानुवर्षं वहीत लिहून ठेवलंय. यातल्या किती नोंदी पुण्यापर्यंत पोचल्या आणि किती नाही हे कुणी तपासलेलं मी तरी पाहिलेलं नाही. ग्रिड बरोबर की चूक हे सांगणारे साक्षीदार हेच आहेत, आणि त्यांना वाळवी लागतेय, कार्यालय नवीन इमारतीत गेलं की जुने गठ्ठे रद्दीत जातात. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेली दप्तरं आजही जपून ठेवलीत त्या भागात पावसाची दप्तरं अशी जाऊ द्यायची का? एमएच्या विद्यार्थ्याला मोबाईलने पानं स्कॅन करायला आणि एक्सेलमध्ये भरायला लावलं तर तेही प्रोजेक्टच आहे, चांगलं प्रोजेक्ट आहे, आणि ग्रिड तर १९०१ च्या मागे जातच नाही, १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ त्यात नाहीच, तो शोधायचा तर कागदच लागणार.

काही जणांचं म्हणणं असतं की हे सगळं पुण्या-मुंबईच्या इन्स्टिट्यूटचं काम आहे, आपल्याकडे मशीन नाहीत, स्टाफ नाही. स्टाफ कमी आहे हे मान्य, कित्येक विभाग तासिका तत्त्वावर चाललेत आणि तिथले सर-मॅडम किती ओढतात ते मला माहितीये. पण वीस एमबीच्या फाईलला कुठलं मशीन लागतं? आणि गिरणेच्या काठावर कुठे पर्जन्यमापक बाभळीच्या झाडाखाली गेलंय, कुठलं केंद्र कधी दुसऱ्या जागी हलवलं, हे पुण्यात बसून कळत नाही, ते इथल्या मुलांनाच कळणार.

मी माझ्याकडचा तुकडा कापून ठेवलाय, पाऊस आणि तापमान दोन्हीचा, चौकोनवार सीएसव्ही आणि सोबत मराठीत लिहिलेलं दोन पानांचं टिपण की फाईल कशी वाचायची आणि कुठे फसायला होतं. ज्या विभागाला पाहिजे त्यांनी निरोप द्यावा, येऊन लावून देते, मानधन नको, फक्त त्या दिवशी लॅबचे कॉम्प्युटर चालू असू द्या आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना बसवा. जूनमध्ये नवीन विषय ठरायच्या आधी झालं तर यंदाच्याच बॅचला उपयोग होईल. रजिस्टरांसाठी मात्र तहसीलला आणि पाटबंधारे विभागाला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र लागेल, माझ्या एकटीच्या अर्जाने ते होत नाही, तेवढी सही तुम्ही द्या.

आपली,
अमळनेरची एक संशोधक विद्यार्थिनी